तिसरा आठवडा खाडीवर

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात गेलेल्या माणसाने रामवाडी पाहिलेली असते, फक्त ओळखलेली नसते. पेण शहरात न शिरता पुढे जाणाऱ्या एसट्या इथे थांबतात, कंडक्टर "पेण, रामवाडी" असा आवाज देतो, दोन-चार माणसे उतरतात, दोन-चार पोह्या-पापडाच्या पिशव्या सांभाळत चढतात आणि गाडी वडखळच्या दिशेने निघून जाते. एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय इथेच आहे. त्यामुळे आमच्या वस्तीत घड्याळ नसले तरी चालते. पहाटेच्या गाड्यांच्या आवाजावरून किती वाजले ते कळते. गणपतीच्या मूर्ती, पोहे आणि पापड यांसाठी लोक पेणला ओळखतात. खाडी मात्र कुणाला आठवत नाही. एके काळी अंतोऱ्याच्या बंदरात मालाचे मचवे लागत आणि पेणचा व्यापार पाण्यावरून चाले. आता सगळे रस्त्यावरून चालते, आणि रस्ता कसा आहे ते सर्वांना माहीत आहे.

हे आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत, म्हणून यात 'मी' नाही. एकाबद्दलच सांगायचे असेल तिथे घरात म्हणतो तसे 'हे' आणि 'ही' म्हणू. यांनी एकतीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. कोकणातल्या किती मुसलमान घरांची भाकरी अशीच जहाजावरून आली, ते वाचकांना सांगायला नको. रामवाडीतले आमचे घर त्याच पगारातून झाले. लग्नाला चौतीस वर्षे झाली, पण एका छताखाली राहिल्याचे दिवस मोजले तर बारा वर्षेही भरत नाहीत. बाकीचा संसार आधी पत्रांवर, मग एसटीडी बूथवर आणि शेवटी मोबाइलवर झाला. निवृत्तीनंतर हे घरी आले तेव्हा हिने शेजारणीला सांगितले होते की पाहुणा कायमचा राहायला आला आहे.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, हिच्या डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती. हिने त्याच रात्री सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पेणच्या डॉक्टरांकडे होतो. तपासण्या झाल्या, कर्करोगाचे निदान झाले, ऑक्टोबरमध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठीही काढल्या. मग आठ केमोथेरपी ठरल्या, दर एकवीस दिवसांनी एक. पहिली २२ नोव्हेंबरला.

टाटाच्या प्रतीक्षा कक्षात माणूस फार वेळ बसतो, आणि बसल्या बसल्या आजूबाजूच्यांची चौकशी करतो. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले, कुणी परळच्या नाना पालकर स्मृती समितीत, कुणाला अजून कुठेच जागा नाही. आम्ही ऐंशी-एक किलोमीटरवरून येणारे, म्हणजे त्या गर्दीत नशीबवान. ज्यांच्यापुढे खर्चाचा प्रश्न आहे त्यांनी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर चौकशी जरूर करावी. कर्करोगाचे अनेक उपचार त्या योजनेत बसतात, आणि लाज वाटून परत गेलेली माणसे आम्ही पाहिली.

ते रुग्णालय कसे उभे राहिले हेही आम्हाला तिथेच कळले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने परदेशात गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने या आजारावरील संशोधनासाठी निधी उभारला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टने उभे केलेले परळचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. म्हणजे एका नवऱ्याचे दुःख त्या इमारतीच्या पायात आहे. हे कळल्यावर यांनी छताकडे पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता रस्ता. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, आणि आमच्या घरातली लहान मुले त्या कामाबरोबर मोठी झाली. टाके ओले असताना त्या रस्त्यावरून जाणे म्हणजे काय, हे ज्या बाईने केले तिलाच विचारावे. एका नर्सने सांगितलेली युक्ती इथे देतो: छाती आणि सीटबेल्ट यांच्या मध्ये छोटी मऊ उशी ठेवायची. पहिली भेट एसटीने केली. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णाला प्रमाणपत्रावर वेगळी सवलतही मिळते. पण केमो घेऊन परतताना एसटी जमेना. मग शेजारच्या मुलाची गाडी ठरवली.

एकवीस दिवसांचे हे चक्र ज्यांच्या घरी आलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहिल्या चार केमोंत लाल रंगाचे एक औषध असते, ते शिरेतून जाताना पाहूनच घशाशी येते. पहिला आठवडा मळमळ, तोंडाला गंजाची चव, अंगात शिसे भरल्यासारखा थकवा. स्टीलचा चमचा तोंडात घालवत नाही. आम्ही लाकडी चमचा वापरला आणि फरक पडला. सोलकढी आणि भात एवढेच पोटात ठरे. दुसऱ्या आठवड्यात बाहेरून माणूस बरा दिसतो, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेव्हाच सर्वांत खाली गेलेल्या असतात. गर्दी नको, कच्चे काही नको, आणि ताप १००.४ अंशांवर गेला तर रात्र असो की दिवस, ताबडतोब रुग्णालय. तिसऱ्या आठवड्यात पेशी परत भरू लागतात. भूक लागते, झोप लागते, माणूस हसतो. आणि मग पुढची तारीख येते.

म्हणजे एकवीसपैकी चौदा दिवस आजाराचे आणि सात आपले. या सातांचे काय करायचे, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. घरी राहिले तर ते सात दिवस भेटायला येणाऱ्यांचे होत. येणारा प्रत्येक जण प्रेमानेच येतो, सफरचंदे आणतो, पण दारातच चेहरा पाडतो. कुणाची चाची गेली, कुणाची नणंद गेली, हे सगळे हिच्यासमोर सांगतो. आजाऱ्याची भेट घेणे ही आपल्याकडे सुन्नत आहे, आणि आजाऱ्याजवळ थोडाच वेळ बसावे व त्याला उमेद द्यावी हेही त्याच शिकवणीत आहे. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात.

यांच्या मामूंचा एक जुना लाकडी मचवा धरमतरला पडून होता. अठ्ठावीस फुटी, एक डोलकाठी, तिरके शीड, मागाहून बसवलेले छोटे इंजिन. निवृत्तीनंतर यांनी तो घेतला होता. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ भरली, मागच्या बाजूला ताडपत्रीचे छप्पर केले, दोन फळ्यांची बाजे ठोकली. हे सगळे निव्वळ हौसेपोटी. ही त्याला सवत म्हणत असे. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी हीच म्हणाली, "अहो, मला तुमच्या सवतीकडे घेऊन चला. इथे मला रोज कुणीतरी कबरीत उतरवून जातं."

घरात वादळ झाले. फुफी सत्याऐंशीच्या. त्यांना रामदास बोट आठवली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या घराला ती तारीख माहीत आहे. "पाऊस-वाऱ्यात गेली होती ती, फुफी. आता थंडीत खाडी ताटातल्या पाण्यासारखी असते," असे हे सांगत राहिले. फुफींनी ऐकून घेतले नाही.

टाटातल्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. त्यांनी नाही म्हटले नाही, अटी घातल्या. फक्त तिसऱ्या आठवड्यात, तेही रक्ततपासणी ठीक आली तर. पाणी उकळूनच. ताप सकाळ-संध्याकाळ मोजायचा. ऊन लागू द्यायचे नाही. चिखलात उतरायचे नाही, कालवांनी पाय कापला तर जखम चिघळते. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताने ओढायचे नाही, त्या हाताला खरचटूही द्यायचे नाही. आणि गाडीरस्त्यापासून तासाभराहून लांब जायचे नाही.

ही शेवटची अट वाटते तितकी सोपी नाही, हे खाडी ओळखणाऱ्याला लगेच कळेल. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते. भरतीला जो काठ हाताशी असतो तो ओहोटीला दूर जातो आणि मध्ये चिखल उरतो. त्यात धडधाकट माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, मग आजारी बाईला कसे उतरवणार? म्हणून तिवरांच्या आतल्या सुंदर, शांत फाट्यांत नांगर टाकायचा मोह आम्ही सोडला. ओहोटीलाही जेट्टीला लागता येईल अशाच ठिकाणी थांबायचे. एका टोकाला धरमतर, दुसऱ्या टोकाला रेवस.

भरतीचे गणित आमच्याकडे सोपे आहे. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा, दशमी असेल तर साडेसात. पौर्णिमा-अमावस्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. यांच्या वडिलांनी तेच चाँदतारखेवर बसवले होते: चंद्र दिसल्यानंतरची तारीख, त्यात एक-दोन मिळवायचे, मग पाऊणपट, पंधराच्या वर गेले तर पंधरा वजा. खाडीत आत पाणी थोडे उशिरा पोचते, तेवढी सूट धरायची. छापील तक्ता आणि मोबाइल दोन्ही होते, पण हिने हे गणित पाठ केले आणि केमोच्या तारखांशेजारी कॅलेंडरवर भरती लिहू लागली. तिथे एक गंमत निघाली. उधाण साधारण पंधरा दिवसांनी येते आणि केमो एकवीस दिवसांनी. म्हणून आमच्या तिसऱ्या आठवड्यात एका खेपेला भांग, म्हणजे कमी चढउताराचे मंद पाणी, आणि पुढच्या खेपेला उधाण, असा खेळ जवळजवळ शेवटपर्यंत चालला. दोन्ही कॅलेंडरे आमच्या हातातली नव्हती. पण एक तरी वाचता येत होते.

७ डिसेंबरला पहिल्यांदा निघालो. सोबत भाचा, कारण तिरक्या शिडाला एका माणसाचे हात पुरत नाहीत. धरमतरच्या पुलापासून भरती पूर्ण होऊन पाणी वळले तेव्हा आठ वाजत होते. थंडीत सकाळी मतलई वारा सुटतो, जमिनीकडून पाण्याकडे. तो उजव्या बाजूने येतो, खाली ओहोटी नेत असते, आणि मचवा आवाज न करता चालू लागतो. उजवीकडे डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी मागे पडली. माल घेऊन येणाऱ्या बार्जना वाट देत, काठ धरून, जाळ्यांचे खुंट चुकवत आम्ही गेलो. डावीकडे शहापूर-धेरंड, माणकुळ्याचे बांध आणि खारजमिनी, तिवरांवर बगळे. नागोठण्याकडून येणारी अंबा नदीच इथे खाडी झालेली असते. त्याच नागोठण्यात सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधलेला दगडी पूल आहे, आणि त्या पुलाखालचे पाणी आमच्याखालून जाते आहे, असे यांनी सांगितले. हे शिक्षक व्हायचे राहून गेले.

माणकुळ्याच्या पुढे वाऱ्याने हिची ओढणी सरकली आणि केसांचा एक झुपका हातात आला. मग दुसरा. सोळावा दिवस होता. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात असे सांगितलेलेच होते. भाचा नाळेवर जाऊन पाठ करून बसला. यांनी सुकाणू दोरीने बांधले, डब्यातली कात्री काढली आणि उरलेले केस कापले. जहाजावर एकमेकांचे केस कापायची सवय होती, त्यामुळे हात थरथरला नाही. ही एवढेच म्हणाली, "एकतीस वर्षांत काहीतरी कामाचं शिकलात म्हणायचं." गळलेले केस कागदात गुंडाळून ठेवले आणि घरी आल्यावर अंगणात पुरले.

रेवसला पोचलो तेव्हा समोर करंजाचा द्रोणागिरी डोंगर होता. रात्री त्याच्या पलीकडे मुंबईचा उजेड दिसला. त्या उजेडात परळही होते, पण ते आम्ही बोललो नाही. त्या खेपेला दोनच रात्री राहिलो. डिसेंबरच्या शेवटी पाच राहिलो. तेव्हा पौर्णिमेचे उधाण होते, भरती दुपारी आणि वारा समुद्राकडून, म्हणजे पाणी बाहेर नेणार आणि वारा आत ढकलणार. त्या दिवशी इंजिनच चालवावे लागले आणि ही कान झाकून बसली.

बोटीवर राहणे म्हणजे काय, याबद्दल फार गोड कल्पना करून घेऊ नयेत. स्वयंपाक एका बर्नरच्या शेगडीवर. तांदळाच्या भाकऱ्या घरून आणलेल्या, बोटीवर फक्त सालन आणि भात. मासळी रेवसला ताजी मिळे, ती चांगली शिजवूनच. पिण्याचे पाणी घरी उकळून भरलेल्या डब्यांत. शौचासाठी मागे पडदा, झाकणाची बादली आणि भरपूर चुना. हे लिहायला संकोच वाटतो, पण बायका वाचतील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतील. पहाटे ताडपत्रीवर दव साचून गळायचे. डास नव्हते असे म्हणणार नाही, मच्छरदाणी होती. आणि झोप? घरी रात्री तीन-तीन वेळा उठणारी ही तिथे फळीवर सहा तास सलग झोपे. पाणी फळीवर आपटत राहते, त्याचा हा परिणाम असावा. यांना मात्र उलट झाले. एवढी वर्षे इंजिनच्या धडधडीत झोपलेल्या माणसाला शांततेत झोप येईना.

नमाजचे एक सांगितले पाहिजे. आपल्याकडून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. नांगरावरचा मचवा पाण्याबरोबर फिरतो, ओहोटीला तोंड एकीकडे, भरतीला नेमके उलट. पाणी वळायच्या वेळी जोहर आली तर मुसल्ला अंथरताना किबला नाळेकडे असे आणि सलाम फेरेपर्यंत डोलकाठीकडे गेलेला असे. जमेल तितके वळत राहायचे, बाकी नीयत. ही बसून पढत असे आणि दर रकातीला कोपऱ्याने यांना दिशा दाखवत असे.

सुकाणूचा दांडा हिच्या हाती जानेवारीच्या आधीच आला. डावा हात वापरायचा नाही, पण उजवा मोकळा होता. कुठला खुंट कधी बुडतो, पाण्यावर गुळगुळीत पट्टा दिसला की खाली वाळू वर आलेली असते, वारा पडला तर काय, हे हिने आठवड्याभरात विचारून घेतले. मचव्यावर हे आपोआपच तांडेलचे खलाशी झाले. चौतीस वर्षांत जहाजावरच्या दिवसांबद्दल हिने जे विचारले नव्हते ते आता विचारले. बंदरे, वादळे, आणि मुलगी जन्मली तेव्हा हे कुठे होते. त्या दिवशी यांचे जहाज एडनबाहेर नांगरून होते आणि तार चार दिवसांनी मिळाली. ती तार यांच्याकडे अजून आहे, हे हिला मचव्यावर कळले.

जानेवारीतला आठवडा मिळाला नाही. तिसऱ्या केमोनंतर अकराव्या दिवशी, घरी, रात्री साडेदहाला ताप १०१. गाडी काढली आणि अकरा-साडेअकराला पनवेलच्या रुग्णालयात होतो. पेशी फारच खाली गेल्या होत्या. चार दिवस सलाइनमधून प्रतिजैविके दिली. नातेवाइकांपैकी काहींनी बोटीला दोष दिला. बोटीवर त्या दिवसांत पायही ठेवलेला नव्हता. पण त्या रात्री आम्हा दोघांच्याही मनात एकच आले: हे खाडीत, ओहोटीच्या वेळी झाले असते तर? दुसऱ्या आठवड्यात घर सोडायचे नाही हा नियम डॉक्टरीणबाईंनी कशासाठी घातला ते तेव्हा अंगावर काटा येऊन समजले. आमची गोष्ट वाचून कुणाला असे काही करावेसे वाटले, तर आधी अटी वाचाव्यात, बोट नंतर.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. चौथ्या केमोला, २४ तारखेला, आम्ही त्यावरूनच गेलो. चिर्ल्याकडून चढायचे आणि २१.८ किलोमीटरनंतर शिवडीला उतरायचे. तिथून परळ जवळच. मोटारीला एका वेळचे अडीचशे रुपये पडतात, पण वाशीच्या वाटेने जो वेळ आणि जे धक्के जात ते वाचले. शिवडीच्या चिखलावर त्या दिवशी रोहित पक्षी होते. पुलावरून दक्षिणेला पाहत ही म्हणाली, "रेवस तिकडेच ना?" धुक्यात काही दिसत नव्हते. यांनी बोट दाखवले तरी.

फेब्रुवारीत भाच्याने मोबाइलवर एक हकीकत वाचून दाखवली. सर फ्रान्सिस चिचेस्टर नावाच्या इंग्रज माणसाला १९५८ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे सांगितले गेले. पत्नी शीला यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. तो बरा झाला आणि १९६० मध्ये शिडाच्या बोटीने एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकला. पुढे १९६६-६७ मध्ये वाटेत फक्त सिडनीला थांबून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हकीकत खरी आहे. पण भाचा ज्या उत्साहाने वाचत होता त्यावरून त्याचा रोख कळला. हिनेच त्याला थांबवले. "बेटा, त्याचं निदानच चुकलं होतं असं म्हणणारे डॉक्टरही आहेत ना? ते खाली लिहिलंय, तेही वाच." त्याने वाचले. समुद्र औषध नाही. समुद्राने आम्हाला सात दिवस दिले, औषध परळलाच मिळत होते. अशा हकीकती आपल्या मोबाइलवर फिरतात तेव्हा खालचा भाग नेमका गळालेला असतो, हे आमचे निरीक्षण आहे.

पाचव्या केमोपासून औषध बदलले. मळमळ कमी झाली, पण बोटांची टोके बधिर झाली. हिला दोरीची गाठ बसली की नाही ते हाताला कळेना, डोळ्यांनी पाहावे लागे. शर्टाची बटणे लावायला यांची मदत लागू लागली.

१२ मार्चला रमजान सुरू झाला. हिने लहानपणापासून रोजा सोडलेला नव्हता. कुरआनात आजाऱ्याला सवलत आहे, ते दिवस नंतर भरून काढायचे आहेत, हे ठाऊक असूनही मन मानत नव्हते. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितले होते. मौलानांनी स्पष्ट सांगितले की सवलत घेणे हीही बंदगीच आहे, बरी झालीस की कजा कर. तरी २० मार्चला मचव्यावर गेल्यावर ही यांच्या समोर खाईना; ताडपत्रीच्या पलीकडे जाऊन चोरून भात खाई. यांनी दुसऱ्या दिवशी ताट आणून समोर ठेवले आणि स्वतः शेजारी बसले. "एवढी वर्षं मी जहाजावर रोजे केले, समोर अख्खा मेस जेवत असे. तू एकटी काय चीज आहेस!" संध्याकाळी अजानचा आवाज पाण्यावरून येई, कोणत्या काठावरून ते कळत नसे. खजूर, उकळलेले पाणी, भजी. चंद्र रोज मोठा होत होता आणि उधाण चढत होते.

ईद ११ एप्रिलला आली, सातव्या केमोचा सोळावा दिवस. सकाळची नमाज पेणला झाली. मग हिने जाहीर केले की शिरखुर्मा मचव्यावर मिळेल आणि वेळ दुपारी दोनची आहे. लोकांना वेळ चमत्कारिक वाटली. पण चाँदतारीख पहिली, त्यात एक-दोन मिळवून पाऊणपट केली तर दीड-दोनच्या सुमारास भरती. तेव्हा मचव्याची कड धरमतरच्या जेट्टीला येऊन टेकते आणि म्हाताऱ्या माणसालाही एका पावलात आत येता येते. तीन तास उशीर झाला तर शिडीवरून उतरावे लागले असते. हे सगळे गणित फुफींसाठी होते. त्या आल्या. जेट्टीवर उभ्या राहून त्यांनी मचवा बांधलेल्या दोन्ही दोऱ्या ओढून पाहिल्या, मोठ्याने कलमा पढल्या आणि पाऊल टाकले. बाजेवर मधोमध बसून त्यांनी दोन वाट्या शिरखुर्मा खाल्ला. हिचा हात हातात घेऊन ओढणीखालच्या डोक्यावरून बोटे फिरवली. बारीक लव आली होती, ती त्यांना लागली. "उगवतंय की गं," त्या म्हणाल्या. साडेतीनला पाणी उतरू लागल्याचे सर्वांत आधी त्यांनाच दिसले आणि त्यांनी सगळ्यांना घाईघाईने उठवले.

आठवी केमो १७ एप्रिलला झाली. मेमध्ये खारघरच्या टाटा केंद्रात किरणोपचार सुरू झाले, आठवड्यातले पाच दिवस, तीन आठवडे. पेणहून ते जवळ, पण रोजचे. कातडी भाजल्यासारखी झाली होती; ऊन आणि खारे पाणी दोन्ही बंद. त्या काळात मचव्याकडे गेलोच नाही. महिनाअखेर भाच्याने चार माणसे लावून तो वर ओढला आणि पावसासाठी शाकारला.

आता रोज एक गोळी आहे, काही वर्षे घ्यायची. दर सहा महिन्यांनी परळची तारीख असते. त्या तारखेच्या आधीचा आठवडा आम्हा दोघांनाही झोप लागत नाही, अल्हम्दुलिल्लाह आतापर्यंत तपासण्या ठीक आहेत. बोटांची बधिरता बरीच गेली, डाव्या हाताची करंगळी अजून परत आलेली नाही. रमजानच्या तीस रोज्यांपैकी एकोणीस कजा झाले.

मचव्याच्या नाळेकडच्या दोन फळ्या कुजल्या आहेत. सुताराला बोलावले होते. तो फळ्या मोजत असताना हिने त्याला मागे नेऊन सुकाणूचा दांडा दाखवला: चार बोटे लांब कर आणि थोडा उजवीकडे वळव, म्हणजे बसून धरता येईल. सुताराने यांच्याकडे पाहिले. यांनी हिच्याकडे बोट दाखवले.